परसबागेसाठी घेवडा, वाल, चवळी आणि गवार: वाण निवडताना या चुका टाळा

परसबागेत शेंगांची भाजी फसली की दोष बहुधा मातीला, खताला किंवा किडीला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा पीक पेरणीच्या दिवशीच हातचे गेलेले असते, कारण निवडलेला वाण त्या महिन्यात, त्या गावाच्या हवेत शेंग धरणाराच नसतो. पाकिटावरचे चित्र, शेजाऱ्यांची शिफारस किंवा रोपवाटिकेत त्या दिवशी जे मिळेल ते, यावर वाण ठरवण्याऐवजी आधी महिना, मग जागा आणि मग जीभ या क्रमाने विचार केला, तर पुढच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

वेल मांडवभर, शेंग एकही नाही

वाल आणि पावट्याबाबत ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. वालाचे बहुतेक गावरान वाण दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. महाराष्ट्रात जूनच्या उत्तरार्धात दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये तो अकरा तासांवर येतो. या उतरत्या काळातच त्या वेलाला फुलण्याचा संकेत मिळतो. त्यामुळे बी जूनमध्ये पेरले काय किंवा ऑगस्टमध्ये पेरले काय, फुले दसरा-दिवाळीच्या आसपासच दिसू लागतात, आणि फेब्रुवारीत पेरलेला वेल अख्खा उन्हाळा पाणी पिऊन, मांडव झाकून, पाने मिरवत बसतो. चौधारी घेवड्याचेही असेच आहे. त्याच्या वेलाला ऑगस्टमध्ये फूल नाही म्हणून तो उपटून टाकणे ही घाई ठरते.

अशा वेलाला खत वाढवून फुलवण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यामुळे पाने आणखी वाढतात. वाढ आवरण्यासाठी शेंडे खुडावेत, बुडाशी पाणी साचू देऊ नये आणि ऑक्टोबरची वाट पाहावी. ज्यांना वर्षभर केव्हाही पेरता येईल असा वाल हवा आहे, त्यांनी दिवसाच्या लांबीशी बांधलेले नसलेले ठेंगणे वाण घ्यावेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’ आणि बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ व ‘अर्का विजय’ हे वाण याच प्रकारचे आहेत. त्यांना मांडव लागत नाही आणि कुंडीतही ते समाधानकारक येतात.

रात्रीच्या उजेडाकडेही लक्ष द्यावे. सोयाबीनच्या शेतात रस्त्याच्या दिव्याजवळचा पट्टा हिरवा राहतो आणि उशिरा पिकतो, कारण रात्रभरच्या प्रकाशामुळे झाडाला रात्र पुरेशी लांब वाटत नाही. वालही मुळात लहान दिवसाचे पीक असल्याने त्याचा मांडव फाटकावरच्या प्रखर दिव्यापासून लांब ठेवलेला बरा. इंग्लंडमध्ये किंवा न्यू जर्सीत राहून गावरान वाल लावणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचणही हीच असते. तिथे वेलाला फुलण्याइतका दिवस लहान होतो तेव्हा थंडी दाराशी आलेली असते, आणि शेंगा भरण्याआधी दहिवराने वेल जळतो. त्यांनी तिथल्याच बियाणे विक्रेत्याकडून दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारा वाण घ्यावा. गावाहून बी नेण्याचा मोह टाळावा, कारण परदेशात बियाणे नेण्यावर कडक निर्बंध असतात.

घेवड्याची फूलगळ

कोवळ्या शेंगांचा घेवडा, म्हणजे बाजारात फरसबी म्हणून मिळतो तो, वालाच्या नेमका उलटा वागतो. त्याला दिवसाच्या लांबीपेक्षा उष्णता नडते. साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमानात तो खुलतो. पारा ३० अंशांच्या वर टिकून राहू लागला की परागकण निकामी होतात आणि फुले देठापासून गळून पडतात. मार्च अखेरीस फुलांनी डवरलेले झाड आठवड्याभरात रिकामे दिसते ते कीड लागली म्हणून नव्हे, आणि त्यावर कोणतीही फवारणी उपयोगी पडत नाही.

पुणे, नाशिक, सातारा या भागांत घेवडा पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबर अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पेरता येतो. विदर्भात आणि कोकण किनाऱ्यावर मात्र हिवाळ्याचीच पेरणी धरावी. एप्रिल-मेमध्ये हट्टाने घेवडा लावण्यापेक्षा चवळी आणि गवार लावावी, कारण ही दोन्ही पिके ज्या उन्हात घेवडा माना टाकतो त्या उन्हात निवांत वाढतात. गवारीत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा नवबहार’ हा वाण लहान जागेसाठी मला विशेष आवडतो. त्याला फांद्या फुटत नाहीत, एकाच सरळ खोडावर शेंगांचे घोस लागतात आणि त्यामुळे रोपे जवळजवळ लावता येतात. चवीला मात्र लहान, किंचित खरखरीत गावरान गवार सरस, हे मान्य करावे लागेल.

किराणा दुकानातले दाणे बियाणे म्हणून पेरणे

डब्यातला राजमा पेरला तर तो बहुधा उगवतो आणि शेंगाही धरतो, म्हणून ही चूक चूक वाटत नाही. फसगत होते ती ताटात. राजम्याचे वाण वाळलेल्या दाण्यासाठी निवडलेले असतात. त्यांच्या शेंगेची साल लवकर चिवट होते आणि दोन्ही कडांना जाड दोरा येतो, जो शेंग शिजल्यावरही दातांत अडकतो. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही दाण्याचाच वाण आहे. त्याची उसळ किंवा आमटी अवश्य करावी, पण त्याच्या शेंगांकडून फरसबीच्या कोवळेपणाची अपेक्षा धरू नये.

वालातही हाच भेद आहे. रायगड-अलिबागकडे भात काढल्यावर जमिनीतल्या ओलीवर घेतला जाणारा कडवा वाल बिरड्यासाठी असतो. त्याच भागात थंडीत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा शिजवून पोपटी लावतात, तेव्हाही भरलेल्या शेंगेतला दाणाच खाल्ला जातो. सालीसकट भाजी करायची असेल तर पापडीचा, रुंद आणि मांसल शेंगेचा वाण हवा. म्हणून बी घेताना ‘हा भाजीचा की दाण्याचा?’ हा प्रश्न दुकानदाराला स्पष्ट विचारावा.

अबईचा, म्हणजे मोठ्या, तलवारीसारख्या शेंगांच्या वेलाचा, उल्लेख इथे सावधगिरी म्हणून करावा लागतो. तिची शेंग कोवळी असतानाच भाजी करतात. पिकलेल्या टणक बिया विषारी घटकांमुळे तशा खाण्याजोग्या नसतात. घेवड्याचे कच्चे दाणेही खाऊ नयेत, आणि राजमा भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावर मगच पुढे शिजवावा.

ठेंगणा की वेली, हे न ठरवता लावणे

ठेंगण्या घेवड्याचा पहिला तोडा पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांत मिळतो, पण सगळ्या शेंगा दोन-तीन आठवड्यांत येऊन झाड थकते. वेली वाण उशिरा सुरू होतो आणि महिना-दोन महिने थोडे थोडे देत राहतो. चार माणसांच्या एका वेळच्या भाजीला अर्धा किलो शेंगा लागतात. कुंडीतल्या चार ठेंगण्या रोपांकडून एका तोड्यात त्या कधीच मिळणार नाहीत. १० ते १५ रोपे तरी हवीत. गच्चीवर चार बिया लावून उत्पन्न कमी आल्याचे सांगणाऱ्यांचा वाण वाईट नसतो, हिशेब कमी पडलेला असतो. ठेंगणा वाण लावायचा तर सगळे बी एकदम न पेरता दर पंधरा-वीस दिवसांनी एक ओळ पेरावी. जागा अरुंद पण उंची भरपूर असेल, उदाहरणार्थ गॅलरीचा कठडा, तर वेली वाणच परवडतो.

ठेंगण्यांपैकी ‘कंटेंडर’ हा जुना अमेरिकी वाण आपल्याकडे चांगला रुळला आहे. ‘अर्का कोमल’ सरळ, चपट्या शेंगांचा आहे, तर ‘अर्का सुविधा’च्या शेंगेला दोरा नसतो. वेली घेवड्यात ‘केंटकी वंडर’ आणि ‘अर्का सुकोमल’ ही नावे लक्षात ठेवावीत. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘हायब्रिड’ लिहिलेले पाहून जास्त पैसे मोजू नयेत. घेवड्याचे फूल उमलण्याआधीच बहुतांशी स्वतःच्या परागाने फळते, त्यामुळे या पिकात खऱ्या अर्थाने संकरित बियाणे बाजारात जवळजवळ नसतेच.

चांगला वाण, तरी चव नाही

इथे दोष वाणाचा कमी आणि तोड्याचा जास्त असतो. घेवड्याची शेंग वाकवली की तिने कट्कन मोडले पाहिजे आणि मोडलेल्या जागी ओल दिसली पाहिजे. ती वाकून दुमडली आणि दोन तुकडे एका दोऱ्याने लोंबत राहिले, तर शेंग जून झाली. दाण्यांचे फुगवटे बाहेरून मोजता येऊ लागले तर ती भाजीसाठी नव्हे, सोलण्यासाठी ठेवावी. लांब चवळीच्या शेंगेत हा बदल एक-दोन दिवसांत होतो. सकाळी लवचीक, भरीव वाटणारी शेंग परवापर्यंत पोकळ आणि भुसभुशीत होते. हंगामात दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोडा केला पाहिजे, कारण वेलावर चार शेंगा जून होऊन राहिल्या तरी झाडाची शक्ती बी भरण्याकडे वळते आणि नवी फुले कमी होतात. आठवडाभर गावाला गेलेल्या माणसाची चवळी परतल्यावर रुसलेली दिसते ती याचमुळे.

वाल-पावट्याच्या चवीचा मोठा भाग त्याच्या वासात आहे. चांगल्या वासाच्या पावट्याच्या शेंगा निवडल्या की बोटांना किंचित तेलकट चिकटपणा येतो आणि साबणाने धुतल्यावरही तो वास रेंगाळतो. ‘अर्का विजय’ निवडताना हा वास मुद्दाम जपला गेला आहे. ज्यांना तो उग्र वाटतो, त्यांना फिकट हिरव्या, लांब शेंगांचा ‘अर्का जय’ जास्त रुचेल.

योग्य हंगामातही नुसती पाने

हंगाम बरोबर आहे, वाण बरोबर आहे आणि तरीही शेंगा नाहीत, तर नत्र जास्त झाले आहे का ते पाहावे. ताजे शेणखत, दर आठवड्याला जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रवखत) आणि वरून चमचाभर युरिया असा पाहुणचार वाल किंवा चवळीला सोसत नाही, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र स्वतः मिळवतात. घेवडा या कामात कच्चा आहे, त्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात, म्हणून त्याला पेरणीवेळी चांगले कुजलेले शेणखत जरूर द्यावे. दिवसाला सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळणाऱ्या गॅलरीत मात्र कोणताही वाण मनासारखा लागत नाही. तिथे पालेभाजी लावलेली बरी.

रोग आणि घरचे बी

दरवर्षी पानांवर तांबेरा (तांबूस पुटकुळ्यांचा बुरशीजन्य रोग) येत असेल तर फवारणीपेक्षा वाण बदलणे स्वस्त पडते. तांबेरा आणि जीवाणूजन्य करपा या दोन्हींना दाद न देणारा ‘अर्का अनूप’ घेवड्यात, आणि करप्याला प्रतिकारक ‘पुसा कोमल’ चवळीत उपलब्ध आहे. ढगाळ हवेत चवळी-वालाच्या शेंड्यांवर बसणारा काळा मावा कोणत्याही वाणाला सोडत नाही. तो दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडून टाकावा आणि मुंग्यांची ये-जा थांबवावी.

घरचे बी ठेवताना पाने चुरगळलेल्या किंवा पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांच्या झाडावरची शेंग घेऊ नये, कारण घेवड्याचा मोझॅक विषाणू बियांतून पुढच्या पिकात जातो. घेवड्याचे बी मूळ झाडासारखेच निघते. वालाच्या फुलांवर मात्र मधमाश्या आणि भुंगे येतात, त्यामुळे दोन वाण शेजारी असतील तर थोडी सरमिसळ होऊ शकते. वाल आणि चवळीच्या शेंगांवर भुंगेरे वेलावर असतानाच अंडी घालतात आणि नंतर बंद बरणीतल्या दाण्यांना भोके पडलेली दिसतात. बी कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावे. डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर हवेतले बाष्प थंड बियांवर जमून उगवण घटते.