सापळ्यात नर मरतो, आंबा मादी नासवते

मे अर्धा सरला. आता वळवाची एक सर पडायचा अवकाश, फळमाशी उसळलीच समजा. म्हणून या पंधरवड्यात बाकीची कामं मागे पडली तरी चालतील, पण कलमाखाली पडलेला आंबा रोज वेचा. रोज म्हणजे रोज, मजूर आले नाहीत त्या दिवशीसुद्धा.

"सापळे लावलेत की!" हे उत्तर दर हंगामात ऐकतो. सापळ्याचा डबा माश्यांनी भरलेला आणि पेटीतला आंबा आतून सडलेला, हेही दर हंगामात बघतो. डब्यातल्या चार माश्या तळहातावर घ्या. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखी अंडनलिका असते. तशी माशी तुम्हाला क्वचितच सापडेल. सापळ्यातल्या मिथाईल युजेनॉल या गंधद्रव्याच्या वासावर धावतो तो नर. ते चाटून तो मादीला भुलवणारा गंध अंगात तयार करतो. मादीला त्या वासाशी फारसं देणंघेणं नाही. अंडी पोसायला आधी तिला प्रथिनं हवीत, आणि मिलन झालं की तिला वेध लागतो तो पाडाला आलेल्या फळाच्या वासाचा. तो वास तुमच्या बागेत डब्यापेक्षा झाडावर आणि झाडाखालीच जास्त.

हे काही नवं नाही. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलावर या माश्यांचे फक्त नर जमतात, हे 1912 सालीच छापलं होतं. तरी दुकानात सापळा विकताना "माशीचा नायनाट" असंच सांगतात.

सापळा फुकट जातो असं नाही. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर 1960च्या दशकात नर संपवूनच ही माशी नाहीशी केली. पण ते बेट, चहूबाजूंनी समुद्र. तुमच्या बागेला दगडी गडगा आहे, समुद्र नाही. एक नर उरला तरी अनेक माद्यांना पुरतो, आणि शेजारून आलेली मादी तर मिलन उरकूनच येते. सापळे लावायचे तर अख्ख्या वाडीने एकदम लावावेत.

आता पडलेल्या आंब्याकडे या. सालीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, त्यातून चिकाचा थेंब, दोन-चार दिवसांत तिथे मऊ खळगा. फळ चिरलं की पांढऱ्या अळ्या टुणकन उड्या मारतात. पूर्ण वाढलेली अळी फळातून निघून जमिनीत दोन-चार सेंटीमीटरवर कोष करते, आणि साधारण दहा दिवसांत नवी माशी बाहेर. म्हणजे आठवडाभर न वेचलेला आंबा ही पुढची पिढी आहे, तीही निम्मी माद्यांची. वेचलेली फळं गडग्यापलीकडे फेकू नका. दोन फूट खोल पुरा, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवा. बांधावरच्या रायवळाखालचेही (कलम न केलेल्या, कोयीपासून वाढलेल्या आंब्याखालचेही) वेचा. माझा अंदाज असा, की निम्मी माशी त्या कुणीच न उतरवलेल्या रायवळातूनच येते.

काढणीच्या तोंडावर दुकानदार भारी औषध सुचवेल. घेऊ नका. अंडी सालीखाली असतात, तिथे फवारा पोचत नाही, औषधाचा अंश मात्र फळावर राहतो. युरोपने 2014च्या मे महिन्यात याच माशीपायी आपला आंबा बंद केला होता. त्यानंतर तिकडे जाणाऱ्या आंब्याला ठरावीक वेळ गरम पाण्यात ठेवण्याची अट आली.

बाकीची कामं:
- 'रक्षक' सापळे हेक्टरी 4, खालच्या फांदीवर, सावलीत
- सापळ्यातली गंधाची वडी पाकिटावरच्या मुदतीत बदलणे
- डबा दर आठवड्याला रिकामा करणे
- तयार फळ देठासह उतरवणे, झाडावर पिकू न देणे
- डागी फळ पेटीत न भरणे
- हंगामानंतर कलमाखालची माती वरवर चाळवणे

काकडी, कारली, दोडक्याची माशी वेगळी. तिच्या नराला क्यूल्युअर या दुसऱ्या गंधद्रव्याचा वास लागतो, आंब्याचा सापळा वेलांच्या मांडवात टांगून उपयोग नाही. मादीचं तिथेही तेच. किडलेलं कारलं वेलाखाली टाकू नका, उचलून पुरा.