रात्री गाडी चालवायची तर ताटात काय हवं

गाजर खा, रात्री चांगलं दिसेल, हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय आणि ते अर्धंच खरं आहे. डोळ्याच्या पडद्यावर अंधारात काम करणाऱ्या पेशी असतात, त्यांना रोडॉप्सिन नावाचं द्रव्य लागतं, ते बनायला व्हिटॅमिन ए लागतं, आणि ए फारच कमी पडलं की रातांधळेपणा येतो. पण शरीरात ए पुरेसं असेल तर वर आणखी किलोभर गाजरं खाऊन नजर तेज होत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आमचे पायलट गाजरं खाऊन अंधारात विमानं पाडतात असं पसरवलं होतं, खरं काम रडार करत होतं. म्हणजे आपल्याला करायचं काय, तर ए कमी पडू द्यायचं नाही, बस्स, आणि त्यासाठी गोव्यात महागातलं काही आणायची गरज नाही.

पहिली आपली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. म्हापशाच्या बाजारात जुडी मिळते, हिच्यात बीटा कॅरोटीन भरपूर, शरीर त्याचं ए बनवतं. फक्त ते तेलात विरघळणारं असतं, म्हणून डाएटच्या नावाखाली नुसती उकडून खाऊ नका, कांदा मिरची थोड्या तेलात परतून भाजी शिजवा आणि वरून ताजं खोबरं घाला, घरी करतात तेच बरोबर आहे. शेवग्याचा पाला तर अष्टमीपुरताच आठवतो लोकांना, झाड परसात असलं तरी, तो महिन्यातून चार वेळा तरी करा हो. पावसात तायकिळा, म्हणजे टाकळा, येतो तोही घ्या. खतखतं हा तर माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात उत्तम पदार्थ, लाल भोपळा, शेंगा, वर खोबऱ्याचं वाटण, सगळं एकाच टोपात. पिकलेली पपई आणि एप्रिल-मेमध्ये मानकुराद आंबा पण ह्याच यादीत. रताळं घ्यायचं तर आतून केशरी असलेलं बघा, पांढऱ्यात बीटा कॅरोटीन फारसं नसतं.

मांसाहारी असाल तर काम आणखी सोपं. अंड्याच्या पिवळ्या बलकात तयार ए असतं, शिवाय ल्युटिन, जे पडद्याच्या मधल्या भागात साठतं आणि समोरच्या लाइटने दिपलेले डोळे सावरायला थोडी मदत करत असावं. त्यामुळे बलक काढून टाकू नका. कलेजीत ए इतकं असतं की पंधरवड्यातून एकदा थोडी खाल्ली तरी पुरे, गरोदर बायकांनी मात्र टाळायची, जास्त ए बाळाला घातक ठरू शकतं. बांगडे, तारले यांच्यात ओमेगा ३ असतं, त्यातलं डीएचए नावाचं फॅट पडद्याच्या पेशींना लागतं, पण आज बांगडा खाल्ला म्हणून आज रात्री जास्त दिसेल असं नाही. लिव्हरमध्ये साठलेलं ए डोळ्यांपर्यंत पोचवायला झिंक लागतं, आणि त्यात कालवांना तोड नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा आणि श्रावणात डाळी, चणे, काजू यांच्यातून झिंक मिळतं, कमी पण मिळतं.

दारू रोजची असेल तर हे सगळं खाऊनही अडचण येते, कारण ए चा साठा लिव्हरमध्ये असतो आणि दारू तोच साठा कमी करते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्यांना, लिव्हर किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्यांना पण अन्नातलं ए नीट लागत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावं. व्हिटॅमिन ए च्या गोळ्या मनानेच सुरू करू नका, जास्तीचं ए लघवीवाटे जात नाही, साठत राहतं आणि लिव्हरला त्रास होतो. सिगरेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या तर अजिबात नको, मोठ्या डोसने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे सिद्ध झालंय.

आता खरं सांगायचं तर आपल्याकडे रात्री गाडी चालवायला त्रास होणाऱ्या बहुतेकांना ए ची कमी नसतेच. समोरच्या लाइटभोवती वलयं दिसतात, लाइट फुटल्यासारखा दिसतो, चोर्ला घाटात ओल्या रस्त्यावर बसलेली गुरं अगदी जवळ आल्यावर दिसतात, तर हा मोतीबिंदू, जुना झालेला चष्म्याचा नंबर किंवा डायबिटीस असू शकतो, त्यावर तांबडी भाजी चालणार नाही. पिवळ्या काचेचे नाइट ड्रायव्हिंगचे चष्मे पण घेऊ नका, ते उलट उजेड कमी करतात. विंडशील्ड आतून पुसा, समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या काचेवर खारट थर बसतो तो बाहेरून धुवा, आणि चाळिशी ओलांडली असेल तर डोळे तपासून या. पडदा बघायला थेंब घालतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून दवाखान्यात स्वतः गाडी घेऊन जाऊ नका, घरातल्या कोणाला तरी सोबत न्या.