पिवळा फ्लॅग पडला, पुढे काय? एनएफएलमधल्या पेनल्टी आणि रिप्ले

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सामना पहिल्यांदा बघणारा पंचाने टाकलेला पिवळा फ्लॅग (नियमभंगाची खूण) दिसला की खेळ थांबायची वाट बघतो. बहुतेक वेळा तो थांबत नाही. फॉल्स स्टार्टला मात्र तिथल्या तिथे शिट्टी वाजते, कारण चेंडू निघण्याआधीच आक्रमणातला कुणीतरी हललेला असतो. उलट बचावातला खेळाडू ऑफसाइड (चेंडू निघताना रेषेच्या पुढे) असेल तर डाव बहुधा चालू राहतो आणि हुशार क्वार्टरबॅक (आक्रमणातला पास टाकणारा) लगेच लांब पास टाकतो. पास झेलला तर फायदा. प्रतिस्पर्ध्याने अडवला तर पेनल्टी घ्यायची आणि तो डाव पुन्हा खेळायचा.

डाव संपला की पांढऱ्या टोपीतल्या रेफरीकडे लक्ष द्या. बाकीच्या सहा पंचांच्या टोप्या काळ्या असतात. गुन्हा कोणता, ऑफेन्सचा (आक्रमणाचा) की डिफेन्सचा (बचावाचा), जर्सी नंबर, किती यार्ड आणि पुढचा डाउन (१० यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी) कोणता, एवढं सगळं तो माइकवर सांगतो. ऑफसाइड, फॉल्स स्टार्ट, डिले ऑफ गेम (वेळेत डाव सुरू न करणं): ५ यार्ड. ऑफेन्सचं होल्डिंग (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणं): १०. फेसमास्क (हेल्मेटची जाळी) ओढणं, रफिंग द पासर (पास टाकणाऱ्याला नियमबाह्य धडकणं): १५. हे आकडे पाठ व्हायला वेळ लागत नाही; खरी मेख ऑटोमॅटिक फर्स्ट डाउनमध्ये आहे. थर्ड अँड १५ (तिसरा डाउन, १५ यार्ड बाकी) असताना बचावाने होल्डिंग केलं तर शिक्षा जेमतेम ५ यार्डांची, पण आक्रमणाला नवे चार डाउन मिळतात. बचावाच्या पास इंटरफिअरन्सला (पास झेलणाऱ्याला नियमबाह्य अडवण्याला) तर ठराविक यार्डच नाहीत. गुन्हा जिथे घडला तिथे चेंडू ठेवतात, मग ते अंतर ४० यार्ड का असेना. एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) घडला तर चेंडू गोलरेषेपासून १ यार्डावर. गोल जवळ असला की ठराविक यार्डांची शिक्षा उरलेल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त होत नाही: चेंडू ८ यार्डावर असताना फेसमास्कचे १५ मिळत नाहीत, चेंडू ४ वर जातो.

पेनल्टी नाकारताही येते. समजा, आक्रमण आपल्याच गोलरेषेपासून ४० यार्डावर आहे, थर्ड अँड ८, त्यांच्याकडून होल्डिंग झालं आणि पासही खाली पडला. पेनल्टी घेतली तर चेंडू ३० वर जातो, थर्ड अँड १८. म्हणजे त्यांना आणखी एक संधी. नाकारली तर फोर्थ अँड ८, आणि ते बहुतेक पंट करतील (लाथेने चेंडू लांब मारून ताबा सोडतील). म्हणून बचाव इथे सहसा नाकारतो. तोच पास १२ यार्डांना यशस्वी झाला असता, तर पेनल्टी डोळे झाकून घ्यायची.

रिप्लेचं गणित क्रिकेटच्या डीआरएससारखं वाटतं, पण नाही. प्रशिक्षक निर्णयाला आव्हान (चॅलेंज) द्यायला लाल फ्लॅग टाकतो तेव्हा टाइमआउट (खेळ थांबवायची मोजकी संधी) पणाला लागतो. टाइमआउटच उरला नसेल तर चॅलेंजही नाही. बरोबर ठरलात तर टाइमआउट वाचतो, पण दोनपैकी एक चॅलेंज मात्र खर्ची पडतं. २०२४ पासून दोनपैकी एक जरी जिंकलं तरी तिसरं मिळतं. फ्लॅग पुढच्या स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या) आत टाकावा लागतो. एखाद्या संशयास्पद झेलानंतर आक्रमण घाईघाईने रांगेत उभं राहिलं, तर झेलाबद्दल त्यांनाही खात्री नाही असं समजायला हरकत नाही.

पाय रेषेच्या आत होता का, गुडघा आधी टेकला की चेंडू आधी सुटला, असे प्रश्न चॅलेंजमध्ये चालतात. होल्डिंग दिलं नाही म्हणून चॅलेंज करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्स विरुद्ध रॅम्स सामन्यात ढळढळीत पास इंटरफिअरन्स सुटला, म्हणून २०१९ च्या हंगामापुरतं ते रिप्लेत आणलं. प्रयोग फसला आणि २०२० मध्ये नियम गुंडाळला. मैदानातला निर्णय फिरवायला स्पष्ट आणि निर्विवाद पुरावा लागतो, त्यामुळे मूळ निर्णयाचं वजन मोठं. शंका असली की पंच शिट्टी उशिरा वाजवतात तेही यामुळेच: चालू राहिलेला डाव रिप्लेवर मागे नेता येतो, लवकर थांबवलेला पुढे नेणं अवघड.

स्कोअर, टर्नओव्हर (चेंडूचा ताबा प्रतिस्पर्ध्याकडे जाणं), प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं आणि ओव्हरटाइम इथलं परीक्षण प्रशिक्षकाच्या हातात नसतं. ते रिप्ले अधिकारीच बघतो. हे डेट्रॉइटच्या संघाला २०१२ च्या थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाच्या) सामन्यात भोवलं. ह्यूस्टनचा जस्टिन फॉर्सेट गुडघा टेकूनही उठून ८१ यार्ड पळाला. स्कोअर असल्याने परीक्षण आपोआप होणारच होतं, पण डेट्रॉइटचे प्रशिक्षक जिम श्वार्ट्झ यांनी रागाच्या भरात लाल फ्लॅग टाकला. तेव्हाच्या नियमाने त्यामुळे परीक्षणच रद्द झालं, वर १५ यार्डांची शिक्षा. टचडाउन तसाच राहिला आणि ह्यूस्टनने ओव्हरटाइममध्ये सामना जिंकला. पुढच्या वर्षीपासून नियम बदलला: असा फ्लॅग टाकला तर टाइमआउट जातो, परीक्षण मात्र होतं.