केसांतील जड धातू मोजताना

पर्यावरणीय आरोग्याच्या संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना केसांचा नमुना सोयीचा वाटतो, कारण त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, बर्फाची पेटी लागत नाही आणि साध्या कागदी पाकिटात तो महिनोन्‌महिने टिकतो. प्रयोगशाळेतील अनुभवावरून मात्र माझे मत असे झाले आहे की, नमुना गोळा करणे जितके सोपे, तितकेच हाती आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे अवघड.

केस डोक्याच्या मागच्या भागातून, अगदी त्वचेलगत, स्टेनलेस स्टीलच्या कात्रीने कापावेत आणि मुळाकडचे टोक दोऱ्याने बांधून ठेवावे. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढत असल्याने मुळालगतचे ३ सेंटिमीटर मागील तीनेक महिन्यांचा हिशेब सांगतात. टोकांची अदलाबदल झाली, तर तो हिशेबच उलटा होतो.

माशांतून शरीरात जाणाऱ्या मिथाइल पाऱ्यासाठी हा नमुना उत्तम, कारण हा पारा केराटिन या केसांतील प्रथिनामधील गंधकाला घट्ट धरून बसतो आणि केसांतील त्याचे प्रमाण रक्ताच्या सुमारे २५० पट भरते. इराकमध्ये १९७१-७२ साली पारायुक्त बुरशीनाशक चोळलेले बियाणे दळून लोकांनी खाल्ले, त्यानंतर मातांच्या केसांचे तुकडे क्रमाने तपासून गरोदरपणातील पाऱ्याचा चढउतार काढता आला.

शिसे आणि आर्सेनिक यांच्या बाबतीत इतका विश्वास टाकता येत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कामगाराच्या केसांतील शिसे बरेचसे धुळीतून बसलेले असू शकते, आणि पश्चिम बंगालमधील आर्सेनिकग्रस्त गावांत ज्या कूपनलिकेचे पाणी पितात त्याच पाण्याने डोकेही धुतले जाते. ॲसिटोन व शुद्ध पाण्याने नमुना धुतला, तरी बाहेरचा धातू पूर्ण जात नाही. फार धुतला, तर आतलाही निघू लागतो. म्हणून शिशासाठी रक्त आणि आर्सेनिकच्या ताज्या संपर्कासाठी लघवी तपासावी.

कात्री हातात घेण्यापूर्वी मेंदी, कलप आणि कोंड्यावरचा शांपू यांची चौकशी करावी. ती करताना लोक, विशेषतः पुरुष, कलपाबद्दल चटकन बोलत नाहीत. पण कोंड्यावरच्या काही शांपूंत सेलेनियम किंवा जस्त असतेच. नायट्रिक आम्लात केस विरघळवून आयसीपी-एमएस या धातूंचे अगदी अल्प प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर मोजताना प्रत्येक खेपेत धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक असलेली प्रमाणित केसांची भुकटी आणि केस न घातलेला कोरा नमुनाही चालवावा.

व्यावसायिक प्रयोगशाळांचे केसांच्या तपासणीचे रंगीत तक्ते घेऊन कोणी आले, तर त्यावरून धातू काढण्याची औषधे सुरू करू नयेत, आधी डॉक्टरांकडून रक्ताची किंवा लघवीची तपासणी करून घ्यावी, असे स्पष्ट सांगावे.