सीमॉसचा सेल बदलण्याआधी

कॉम्प्युटर दुरुस्तीत नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी सीमॉसचा सेल, म्हणजे कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, बदलायला शिकवतो. ठाण्यात नौपाड्यातल्या सीएंच्या ऑफिसांपासून वाशीतल्या दवाखान्यांपर्यंत ही तक्रार कायम असते. पण 'सेल संपला' असं कुणी सांगत नाही. 'बँकेची साइट उघडत नाही', 'चालू करताना एफ१ दाबा म्हणतं', असं सांगतात. तारीख मागे गेली की ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट मानत नाही. म्हणून फोनवरच विचारा, कोपऱ्यात तारीख काय दिसतेय? रोज संध्याकाळी मेन स्विच बंद होणाऱ्या ऑफिसांत सेल लवकर संपतो, कारण सप्लायला वीज असेपर्यंतच घड्याळाचा भार त्याच्यावर नसतो.

सेल बहुतेक सीआर२०३२ असतो: ३ व्होल्ट, जाडी ३.२ मिमी. सीआर२०२५ची जाडी २.५ मिमी. दुकानदार 'चालेल' म्हणाला तरी तो घेऊ नका, खाचेत सैल बसतो.

बदलायला पाच मिनिटं लागतात. खरं काम त्याआधीचं आहे. मशीन सुरू होत असेल तर बायोसच्या, म्हणजे मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंग्जच्या, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बूटचा क्रम, रॅमचं एक्सएमपी (तिच्या वेगाची सेटिंग), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साटा मोड, म्हणजे डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची ती सेटिंग. तो 'रेड' (RAID) या पद्धतीवर असेल आणि सेल काढल्यावर 'एएचसीआय' या दुसऱ्या पद्धतीवर गेला, तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. डिस्क शाबूत असते, डेटाही जागेवर असतो. मोड पूर्ववत केला की मशीन उठतं. हे माहीत नसलेला पोरगा इथे फॉरमॅट मारतो आणि एखाद्याचे वर्षभराचे हिशोब जातात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की आधी हातात घ्या, नाही तर मालकाशिवाय पुढे जाता येत नाही.

नव्या बोर्डांत बरीच सेटिंग्ज फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत, असतात, नुसता सेल काढून ती जातीलच असं नाही. रॅमची सेटिंग चुकून डिस्प्लेच येत नसेल तर पॉवर केबल काढा, मॅन्युअलमध्ये सीमॉस क्लिअरच्या (सेटिंग्ज पुसण्याच्या) पिना शोधा आणि त्या काही सेकंद जोडा. अंदाजाने दुसऱ्या पिना जोडू नका.

शेवटी मेन स्विच दहा मिनिटं बंद ठेवून वेळ बायोसमध्येच तपासा. विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं, त्यात सैल बसलेला सेल कळत नाही. जुन्या सेलला चिकटपट्टी लावून तो सोबत न्या. दवाखान्यात लहान मुलं असतात, आणि गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो.