काळ्या मातीच्या पीचवर फलंदाजी आणि संघनिवड : या चुका टाळा

मार्च उजाडला की परभणी-हिंगोलीकडे प्रश्न एकच, पीचला टँकर कोण आणणार? कोणीच आणत नाही. काळी माती तडकते, भेगेत करंगळी जाते. अशाच पीचवर 75 धावा काढायच्या होत्या आणि आम्ही 63 मध्ये गुंडाळलो. घरी जाताना जो तो म्हणे, "बॉल हातभर वळत होता." स्कोअरबुक काढलं, तर सात जण बोल्ड नाहीतर एलबीडब्ल्यू. नंतर एकेकाला विचारलं, तर सातही जण सरळ आलेल्या बॉलवर गेले होते.

पहिली चूक इथंच आहे. एक बॉल वळला की पुढचाही वळणार असं धरून बॅट बाहेर जाते. 2017 च्या पुणे कसोटीत भारत 105 आणि 107 वर आटोपला, ऑस्ट्रेलियाचा स्पिनर ओकीफ याला 12 विकेट मिळाल्या. त्याच पीचवर त्यांच्याच स्मिथने 109 केल्या. झेल सुटले, खरं आहे. पण वळून गेलेल्या बॉलमागे तो बॅट नेत नव्हता. सरळ बॉलसाठी खेळा, वळला तर जाऊ द्या. हुकलं म्हणून लाजू नका.

दुसरी चूक म्हणजे अर्धवट पाय. एकतर टप्प्यापर्यंत पोचा, नाहीतर स्टंपला टाच लागेल इतपत मागे जा. आपली पोरं वर्षभर टेनिस बॉलवर खेळतात. तो छातीपर्यंत उसळतो, लेदरचा बॉल इथं नडगीवर बसतो. म्हणून थोडं वाकून उभं राहा, खालचा हात सैल ठेवा आणि पुल फटक्याचा मोह सोडा. ऑफ स्टंपबाहेर नुसतं पॅड पुढे करू नका. फटका खेळत असाल तर तिथं एलबीडब्ल्यू नाही, नुसतं पॅड दिलं तर आहे. (गावच्या अंपायरला हे सामन्याआधीच विचारून ठेवा.)

संघ निवडताना घाबरून आठवा फलंदाज घेतला जातो. पहिले सात गेले तिथं तो काय करणार? त्याऐवजी स्टंपात सरळ टाकणारा डावखुरा स्पिनर घ्या, फार वळवणारा नको. आणि कीपर असा घ्या, जो टप्पा पडेपर्यंत उठत नाही. आमचा आधीच उठायचा. त्या दिवशी बायच्या (बॅटला न लागता कीपरकडून सुटलेल्या बॉलच्या) 14 धावा गेल्या, आणि आम्ही हरलो 11 धावांनी.