ओल्ड कोर्सवर खेळा, मुक्काम गावात करा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं नाव काढलं की आपल्याकडचे गोल्फर लगेच म्हणतात, "ते आपल्या खिशाला झेपणारं नाही." तिथल्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानाला लागून असलेल्या आलिशान हॉटेलचे दर पाहून हे मत झालेलं असतं. पण हा कोर्स त्या हॉटेलचा नाही, समोरच्या प्रसिद्ध क्लबचाही नाही. तो सार्वजनिक आहे. १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेला ट्रस्ट तो सांभाळतो. पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेमधून, म्हणजे चेंडू मारत पुढे जायच्या गवताच्या पट्ट्यातून, गावाचा एक रस्ताच आडवा जातो, आणि खेळ चालू असताना माणसं त्यावरून समुद्राकडे ये-जा करतात. अशा ठिकाणी गावात राहूनच खेळावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी तयारी कशी करायची, ते क्रमाने सांगतो.

सुरुवात तारखांपासून करा. मे ते सप्टेंबर हा मुख्य हंगाम. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी उशिराही खेळता येतं. मात्र जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला विद्यापीठाचा पदवीदान समारंभ असतो आणि तेव्हा गावात खोली मिळणं मुश्कील होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्यावसायिक स्पर्धा असते. २०२७ च्या जुलैत 'द ओपन' ही गोल्फची मोठी स्पर्धा पुन्हा इथेच होणार आहे, म्हणून त्या महिन्याच्या वाटेला जाऊ नका. दर रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो, तेव्हा आठवड्याची आखणी सोमवार ते शनिवार धरून करा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे टी टाइम, खेळ सुरू करण्याची ठरवून दिलेली वेळ. ओल्ड कोर्सची वेळ मिळवण्याचा सर्वांना खुला असलेला एक मार्ग म्हणजे सोडत. म्हाडाच्या घरांसारखीच, फक्त ही जवळजवळ रोज निघते. दोन ते चार जणांच्या गटाने खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी नावं आणि हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, द्यायचे. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. एकट्याने गेलेल्यांसाठी वेगळी सोडत असते. तिच्यासाठी आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव द्यावं लागतं. नंबर लागेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, म्हणून निदान चार रात्री हाताशी ठेवा आणि रोज नाव घाला. एका रात्रीपुरतं जाऊन नशीब आजमावणं म्हणजे विमानाचं भाडं जुगारावर लावणं.

मग बाकीचे दिवस मोकळे ठेवायचे का? मुळीच नाही. त्याच ट्रस्टचे न्यू, ज्युबिली, ईडन आणि कासल हे कोर्स आधी आरक्षित करता येतात. न्यू कोर्स नावाला 'नवा', पण आहे १८९५ चा, ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या नामांकित गोल्फरने आखलेला. या फेऱ्या दुपारच्या ठेवा. म्हणजे सोडतीत सकाळची वेळ लागली तरी काही मोडावं लागणार नाही. खर्चाचा अंदाज म्हणून सांगतो, २०२४ च्या हंगामात ओल्ड कोर्सची एका फेरीची फी ३२० पौंड होती. इतर कोर्स त्याहून स्वस्त पडतात. राहण्यात पैसे वाचवायचे ते यासाठीच.

मुक्कामाला तीन पर्याय आहेत. पहिला, गावातली गेस्ट हाऊसेस. मरे पार्क आणि मरे प्लेस या गल्ल्यांत ती ओळीने आहेत आणि तिथून पहिला टी, म्हणजे खेळ सुरू करायची जागा, चालत काही मिनिटांवर आहे. आरक्षणाआधी मालकांना दोन प्रश्न जरूर विचारा: ओले बूट आणि बॅग वाळवायला जागा आहे का, आणि पहाटेची वेळ लागली तर न्याहारी बांधून द्याल का? समुद्रावरून पाऊस आडवा येतो. रात्रभर ओले राहिलेले बूट सकाळी पायात चढवणं काय असतं, ते एकदा अनुभवलं की पहिला प्रश्न आपोआप तोंडी येतो. दुसरा पर्याय म्हणजे विद्यापीठाची वसतिगृहं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या खोल्या पाहुण्यांना देतात.

तिसरा पर्याय डंडीचा. गावात राहावं असं मी म्हटलं खरं, पण चार मित्रांच्या गटाला दोन ठिकाणी खेळायचं असेल तर मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. डंडी हे शहर टे नदीच्या पलीकडे आहे. तिथून ९९ नंबरची बस सेंट अँड्र्यूजला जाते आणि दुसऱ्या दिशेला रेल्वेने थोड्याच वेळात कार्नूस्टी येतं. म्हणजे एकाच खोलीतून दोन जगप्रसिद्ध कोर्स. कार्नूस्टीवरचा अठरावा होल मुद्दाम पाहा. १९९९ च्या ओपनमध्ये हातात आलेलं विजेतेपद फ्रेंच गोल्फर जाँ व्हॅन डी वेल्डने तिथे गमावलं होतं. डंडीची अडचण एकच: सोडतीत अगदी पहाटेची वेळ आली तर पहिली बस पोहोचेलच असं नाही. टॅक्सीची सोय आदल्या रात्रीच करून ठेवा.

अपार्टमेंट घेणार असाल तर जाहिरातीत परवाना क्रमांक आहे का ते बघा. स्कॉटलंडमध्ये अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांना परवाना लागतो. घरात स्वयंपाकघर असलं की रात्री मुगाची खिचडी टाकता येते. डाळ-तांदूळ तिथेही मिळतात. इथून तूप, पनीर मात्र नेऊ नका, भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. आणि जिथे राहाल तिथलं आरक्षण रद्द करता येईल असंच घ्या.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांच्या आत करता येतो. मुंबई-पुण्यात केंद्रं आहेत. आपल्या क्लबकडून हँडिकॅपचं चालू प्रमाणपत्र घेऊन छापील प्रत जवळ ठेवा. किट नेण्याचं विमानभाडं आणि तिथे भाड्याने मिळणाऱ्या क्लब्जचा, म्हणजे खेळायच्या काठ्यांचा, दर यांची तुलना करून मगच ठरवा. सेंट अँड्र्यूजमध्ये रेल्वे स्टेशन नाही. एडिनबरोहून ल्यूकर्सला उतरा, गाडीला साधारण तास लागतो. पुढे तीच ९९ नंबरची बस.

ओल्ड कोर्सवर चालतच खेळायचं असतं. परवडत असेल तर कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि वाट सांगणारा मदतनीस, घ्या. इथे सात ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, दोन-दोन होलना सामाईक आहेत आणि ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत, त्यांतले कितीतरी टीवरून दिसतच नाहीत. सामाईक ग्रीनवर ध्यानात ठेवायचं ते एवढंच: जाताना, म्हणजे पहिल्या नऊ होलना, पांढरी निशाणं, परतताना लाल.

रविवार वाया जात नाही. त्या दिवशी कोर्स गावकऱ्यांचा असतो, कुत्री फेअरवेवर पळत असतात. तुम्हीही चालत जा, स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर उभे राहा, सतराव्या होलचा खोल बंकर काठावरून न्याहाळा. सोबत न खेळणारी मंडळी असतील तर त्यांना शेजारच्या 'हिमालय' नावाच्या उंचसखल पटिंग ग्रीनवर, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलायच्या मैदानावर, घेऊन जा. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिलांच्या क्लबचं ते मैदान आहे. पाहुण्यांच्या वेळा बघून गेलात तर थोडक्या पैशांत सगळं कुटुंब खेळतं. पटर, म्हणजे त्यासाठीची काठी, आणि चेंडू तिथेच मिळतात.